आसराच्या वाटेवरच्या सात चिंध्या

त्या चिंध्या मी बांधल्या. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही वाचता वाचता दुसऱ्याच कुणावर तरी संशय घ्याल, जसा त्या दिवशी चारचौघांनी घेतला.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. मागं डोंगर, पुढं पाणी, मधे आम्ही. डोंगराच्या कमरेवरून गुरांची वाट जाते. तिच्यावरून चाललं की डाव्या हाताला सगळं पाणी पसरलेलं दिसतं. हिवाळ्याच्या सकाळी तर ते इतकं गप असतं की वरून जाणारा बगळा खाली पाण्यातही जाताना दिसतो. आम्हाला त्याचं काही अप्रूप नव्हतं. गुरं वळवायची वाट, एवढंच. पण हिंगोलीहून काही डॉक्टर आणि मास्तर लोक फिरायला आले, त्यांना ती फार आवडली. इथं शर्यत घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. शाळेपासून निघायचं, डोंगराच्या वाटेनं पाण्याला वळसा घालायचा आणि परत शाळेत यायचं.

मारुतीच्या पारावर चार दिवस तोच विषय. "शिकलेली मान्सं पळून राहिलीत, काहून पण? मागं कुत्रं लागलंय का बिबट्या?" आमचे एक दीर विचारायचे आणि स्वतःच हसायचे.

मी मात्र खुशीत होते. कारण माझ्या लेकीची लेक त्यात पळणार होती. ती हिंगोलीला खोली करून राहते, पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे उठून मैदानाला चकरा मारते. तिनंच फोनवर सांगितलं, "आजी, तुझ्या डोंगरावर पळायला येतेय मी. बघायला ये."

"बघायला काय येते, तुमच्या लोकायला पाणी पाजायला येते," मी म्हटलं. आणि खरंच मला पाणी द्यायच्या मांडवात बसवलं. वाट अर्धी सरल्यावर, फुगवट्याच्या पलीकडच्या टेकाडावर तो मांडव होता. लिंबू, मीठ, साखर, गूळ, शेंगदाणे, संत्र्याच्या फोडी, सगळं माझ्या ताब्यात.

आता आमच्या फुगवट्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मार्गशीर्षापासून रब्बीला कालव्यानं पाणी सुटतं आणि माघ सरेपर्यंत धरण बरंच मागं हटतं. जिथून पाणी हटतं तिथं काळा गाळ उरतो. त्या गाळात काही लोक कलिंगड, काकडी लावतात. गाळपेर म्हणतात तिला. पण पेरणाऱ्यालाच ठाऊक असतं, पाय कुठं द्यायचा. वरून गाळ वाळतो, भेगा पडतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, पक्की भुई आहे. खाली कुठं गुडघाभर, कुठं पुरुषभर नुसतं लोणी. दोन सालाखाली एक गाय उतरली होती. सगळं गाव काठावर उभं होतं, आणि ती शेवटी ओरडायची पण थांबली. तो आवाज थांबला तेव्हा जे वाटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पाण्याच्या जुन्या काठाला आसरा आहेत. साती बहिणी. शेंदूर लावलेले सात दगड, वर एक करंजाचं झाड. लेकरू दुखणाईत पडलं, पोरगी पहिल्यांदा बाळंत व्हायची असली, की आमच्या बाया तिथं हिरवं कापड वाहतात. आमच्या गावची रीत अशी की सगळी कापडं एकाच झाडाला बांधायची नाहीत. डोंगराची वाट जिथं फुटते तिथून खाली आसरापर्यंत झाडं आहेत, त्यातल्या सात झाडांना एकेक. सात बहिणी, म्हणून सात. आणि वाऱ्यानं एखादी चिंधी सुटून वाटेवर पडली, तर ती ओलांडायची नाही. उचलायची, आणि परत नेऊन बांधायची. हे मला माझ्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं.

माझ्या नातीला यातलं काही माहीत नव्हतं. ती शहरात वाढली, सुटीत चार दिवस यायची, आणि मीच तिला कधी पाण्याकडं जाऊ दिलं नाही. "आसरा लेकरं वढती," असं सांगून भेदरवून ठेवलं होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी सरपण आणायला डोंगरावर गेले. वाट फुटते तिथं कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. खाली मातीत हिरव्या चिंध्या पडलेल्या. दोन-तीन बोरीच्या काट्याला लोंबत होत्या, शेळीनं अर्ध्या चावलेल्या. मला वाटलं, आसराच्या आहेत, वाऱ्यानं वर आल्या. हिरव्या, कापडाच्या, अगदी तशाच. शर्यतवाले वाटेवर पांढऱ्या फक्कीचे बाण मारणार, एवढंच मला कळलं होतं. फक्की मारलीही असेल, पण शेळ्यांच्या खुरांत काही उरलं नव्हतं. प्लॅस्टिक नको म्हणून त्या भल्या माणसांनी घरची कापडं फाडून खुणेच्या फिती केल्या होत्या, हे मला कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

मी चिंध्या गोळा केल्या. मोजल्या तर आठ. एक फारच चावलेली होती, ती टाकली. सात राहिल्या. मला तर शकुनच वाटला! सातही झाडं रिकामीच दिसली, त्यांना एकेक करत घट्ट गाठी मारल्या, शेवटची करंजाला. शेळीचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर. आणि तिथं उभं राहून हात जोडले. म्हटलं, "माय, उद्या माझी पोरगी तुझ्या वरच्या वाटेनं जाणारे. तिला नीट ने."

रविवारी सकाळी मला ट्रॅक्टरवर बसवून डोंगरामागच्या गाडीवाटेनं मांडवात नेलं. त्यामुळं वाट फुटते ती जागा मला दिसलीच नाही. नातीची गाठ शाळेपाशी दोन मिनिटं पडली होती. केस घट्ट बांधलेले, छातीवर नंबर. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला तर म्हणाली, "आजी, घाम येण्याआधीच पुसतेस का?"

मांडवात एक डॉक्टर होते, शर्यतीचे मुख्य. कर्ण्यावर गाणी लावलेली, इतकी मोठ्यानं की टेकाड दणाणत होतं. मी म्हटलं, "डॉक्टरसायेब, आवाज जरा कमी करा, पाखरं गाव सोडून जातील." ते हसले. "काकू, पळणाऱ्याला लांबून कळायला पाहिजे, पाणी जवळ आलं म्हणून."

खाली पाणी चमकत होतं. ऊन अजून पिवळं, कोवळं. पण मला त्या दिवशी पाण्याकडं बघवत नव्हतं. का, ते सांगता येत नाही. एकही टिटवी बोलत नव्हती. कर्ण्यामुळं असेल, असं मी मनाला सांगितलं.

पहिल्यांदा तीन गडी आले. धापा टाकत, पाणी पिऊन, निम्मं अंगावर ओतून गेले. त्यांनी मागच्या रविवारी येऊन एकदा पळून बघितलं होतं, वाट त्यांना पाठ होती. डॉक्टरांना खालून फोन आला. ते मला म्हणाले, "काकू, तुमची नात पोरींमध्ये पहिली आहे! पहिल्या वळणावर या तिघांच्या मागंच होती."

मी संत्रं सोलायला घेतलं. तिच्यासाठी वेगळं, बिया काढून. ते सोलून झालं. दुसरं सोललं. वळणावर कुणी दिसेना.

"यायला पाहिजे होती आता," डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले.

"लघवीला थांबली असंल," मी म्हटलं. पण माझ्या हातातली फोड पिळून निघाली होती.

मग एक पोरगी आली. नात नव्हे, दुसरीच. रागानं लाल झालेली. पाणीसुद्धा न घेता डॉक्टरांवरच ओरडली, "सर, हे काय आहे? खालच्या वाटेला फिती बांधल्यात! मी त्या शेंदराच्या दगडांपर्यंत गेले, पुढं नुसता चिखल. सगळं परत चढून यावं लागलं. वरच्या वाटेच्या तोंडाला एक फीत नाही!"

"खाली? खाली कुणी बांधल्या?" डॉक्टर म्हणाले. "कसल्या फिती?"

"आपल्याच. हिरव्या. झाडाझाडाला."

तुम्हाला सांगते, कुणी पाठीत पाटा घातल्यासारखं झालं मला. सात झाडं डोळ्यांपुढून सरकली, एकेक गाठ माझ्या बोटांना कळली. मी त्या पोरीचा दंड धरला. "बाई, तुझ्या म्होरं एक पोरगी व्हती नं? केस बांधलेली?"

"हो, होती की. मला वाटलं ती पोचली असेल. खाली दिसली नाही मला." मग ती जरा थांबली. "दगडांपुढच्या बाभळीच्या पलीकडून गाण्याचा आवाज येत होता. मला पण वाटलं, तिकडूनच जायचं असेल. पण मला भीती वाटली."

बाभळीच्या पलीकडं! तिथं फुगवट्याचं एक बोळकांड आत शिरलेलं आहे. वाळलेलं दिसतं. तिथून सरळ आलं तर आमचं टेकाड हाकेच्या अंतरावर. गाणं ऐकून कुणीही म्हणेल, आलंच की. आणि पोरगी ओरडली असेल तर कर्ण्यात ऐकणार कोण?

"ते बंद करा!" मी किंचाळले. "गाणं बंद करा आधी!"

गाणं थांबलं. आणि त्या शांततेत खालून एक आवाज आला. पोरीचा नव्हता. बाईचा होता, खणखणीत. "हालू नको! पाय मारू नको, पोरी!"

मी पळाले. सत्तरीला टेकलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या टाळते, पण त्या उतारावरून मी पळाले. चपला कुठं गेल्या ठाऊक नाही. डॉक्टर आणि मांडवातले दोघे गडी माझ्यापुढं गेले. बाभळीत माझं लुगडं अडकलं, फाटलं, मी तशीच पुढं.

नात छातीपर्यंत गाळात होती. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, तोंड आभाळाकडं. काठापासून वीसेक पावलांवर. तेवढ्या पावलांपर्यंत पापुद्र्यानं तिला तोललं होतं, मग सोडून दिलं. तिच्या बुटांचे ठसे गाळावर अगदी सरळ उमटलेले, पळत्या माणसाचे, लांब लांब. मग एकदम काहीच नाही.

जवळच गाळपेर करणारं एक जोडपं होतं. कलिंगडाची राखण करायला त्यांनी तिथंच खोप घातली होती. त्या बाईनं ओरडणं ऐकलं होतं. ती काठावर कंबर कसून उभी, हुकूम सोडत होती. तिचा नवरा कडब्याच्या पेंढ्या गाळावर टाकत, त्यांच्यावर पोट टेकून पुढं सरकत होता. सापासारखा. पेंढ्या संपल्या तशी बायकोनं खोपीतली बाज ओढत आणली, उलटी करून ढकलली.

मी गाळात पाय घातला तर तिनं मला मागं खेचलं. "काकू, तुमी गेल्या तर दोघींला काढावं लागंल. गुमान उभ्या ऱ्हावा."

"आजी, तू नको येऊ," पोरगीही बोलली. आवाज बारीक, पण नीट. तोंड आभाळाकडंच.

"माग रेल, पोरी! झोपल्यावानी हो. वर बघ, मामाकडं बघू नको," बाई सांगत होती. नवरा बाजेपर्यंत पोचला. त्यानं दोर तिच्या काखेतून घेतला. ओढलं तर ती किंचाळली, पण हलली नाही. गाळ सोडत नव्हता. मग बाईनं पाण्याच्या घागरी मागवल्या. पेंढ्यांवरून एकेक घागर पुढं सरकवली, आणि तो तिच्या कमरेपाशी, मांडीपाशी पाणी ओतत राहिला. पाण्यानं गाळाची पकड सुटते, असं त्यांना ठाऊक. हातानं माती उपसायची, पाणी ओतायचं, परत उपसायचं. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मधे एकदा ती घसरली आणि गाळ गळ्यापर्यंत आला. तिचं बोलणं बंद झालं. मला ती गाय आठवली. मी तोंडात पदर कोंबला, कारण मी ओरडले असते तर ती हलली असती.

मग गाळानं असा आवाज केला की जणू गिळलेलं ओकतोय, आणि ती बाजेवर आली. एक बूट आतच राहिला.

तिला काठावर घेतलं, खोपीतलं घोंगडं पांघरलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, पाय चाचपले, डोळ्यांत बघितलं. "ठीक आहे," म्हणाले. आणि भीती उतरली की माणसाला राग येतो. डॉक्टर उठले, त्या गाळपेरीवाल्याकडं वळले. तो अजून डोक्यापासून पायापर्यंत काळा होता.

"तूच बांधल्यास ना फिती? मागच्या आठवड्यात आम्हाला म्हणाला होतास, माझ्या वेलावरून पळाल तर याद राखा."

"म्हणलो व्हतो, सायेब. माझं पोट हाय ते. पर आशी वाट म्या काहून दावीन?"

"मग कुणी दाखवली? पोलिसांत देणार आहे मी हे. पोरगी मेली असती."

त्याची बायको घागर खाली आपटून पुढं आली. "वा रं दादा! काढलं तवर मामा, आन काढल्यावर चोर? तुमच्या फिती तुमी आमच्या आसराला काहून बांधल्या, ते आधी बोला!"

सगळे एकाच वेळी बोलायला लागले. मी पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या कानातला गाळ बोटानं काढत होते. खरं सांगते, एक क्षण मी गप्प राहिले. त्या क्षणात मला वाटलं, होऊ दे भांडण, मिटेल आपोआप. मग मी त्या माणसाकडं बघितलं. त्याच्या नखांतून रक्त येत होतं.

"मी बांधल्या," मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही. मग मोठ्यानं बोलले, "डॉक्टरसायेब, चिंध्या मी बांधल्या. काल. वर मातीत पडल्या व्हत्या. आसराच्या समजून बांधल्या. ह्याचा काई संबंध न्हाई."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "काकू, तुम्ही?"

मांडीवर नातीनं डोळे उघडले. "काहून बांधल्या, आजी?"

"तशी रीत हाय, माय. पडल्या तर परत बांधायच्या."

"आन काय मागितलं तिला?"

"तुला नीट ने म्हणून."

ती हसली. म्हणजे हसायला लागली, आणि मग खोकत राहिली, काळं पाणी थुंकत. डॉक्टर बाजूला होऊन त्या गाळपेरीवाल्यापुढं हात जोडून उभे राहिले. तो म्हणाला, "राहू द्या, सायेब," आणि पेंढ्या गोळा करायला गेला. त्या सगळ्या वाया गेल्या होत्या.

पोरीला जीपमध्ये घातल्यावर मी एकटी वर निघाले. शर्यत थांबवली होती, तरी मागून कुणी येईल, त्याला काय ठाऊक. पहिल्याच झाडाची गाठ सोडायला लागले तर ती बाई मागून आली.

"काकू, आसराला वाहिलेलं सोडू नये. माहीत हाय नं तुमाला? सोडणाऱ्याच्या घरचं मागती ती."

"माहीत हाय."

"मंग?"

"मंग काय? घट्ट बांधल्यात. चाकू दे."

तिनं विळा आणून दिला, पण जवळ उभी राहिली नाही. मी सातही सोडल्या. गावात हे कळलं तेव्हा दोन तट पडले. काही म्हणाल्या, आसरानं पोरगी परत दिली, ओटी भर. काही म्हणाल्या, दिली कुठली, आता राखून ठेवलीय. मला मात्र ठाऊक होतं. आसरानं नेलं नव्हतं, मी नेलं होतं. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की राखून ठेवलीय हा शब्द कानाशी यायचा.

पोरगी हिंगोलीला गेली. गुडघा सुजला होता, तो उतरला. ती परत मैदानावर जायला लागली. फोन करायची, पण नुसतं हं, हां, ठीक आहे. उन्हाळ्यात आली नाही. रुसली होती असं नाही म्हणवत. विचारलं की म्हणायची, "अभ्यास आहे, आजी." मी तिला एकदाही माफ कर म्हटलं नाही. नातीची माफी कशी मागतात, ते आम्हाला कुणी शिकवलंच नाही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ती अचानक दारात उभी. पिशवीत बूट. "डोंगरावर पळायचंय," म्हणाली. तिची आई नको म्हणाली असणार, म्हणून ती सरळ माझ्याकडं आलेली.

धरण तेव्हा काठोकाठ भरलेलं. गाळ कुठं होता, गाळपेर कुठं होती, काही ओळखू येत नव्हतं. सगळ्यावर पाणी, सपाट, उन्हात हसणारं. मी तिच्या आधी निघाले आणि वाट फुटते तिथं जाऊन उभी राहिले. ती पळत वळणावरून आली. मला बघून पाय मंदावले, थांबली.

"इथं काहून उभी हायेस?"

"उभी हाय."

ती धापा टाकत दोन्ही वाटांकडं बघत राहिली. तिला वाट माहीत होती. त्या दिवसानंतर आमच्या गावातलं शेंबडं पोरही ती वाट चुकणार नाही. तरी तिनं विचारलं, "कुठून जाऊ, आजी?"

मी वरच्या वाटेकडं हात केला.

तिनं आधी माझ्या हाताकडं बघितलं. मग वाटेकडं. मग खाली वाकली, मी दाखवलेल्या वाटेवरची माती तळहातानं दाबून बघितली, एकदा, दोनदा. उठली, हात चड्डीला पुसला आणि त्याच वाटेनं पळत गेली.